अठराची रेषा : जालन्याच्या रस्त्यांवरील वय, परवाना आणि अपघात

मराठवाड्यातील साठी ओलांडलेल्या माणसांच्या कागदपत्रांत एक जन्मतारीख विलक्षण वारंवार आढळते : १ जून. एवढी माणसे एकाच दिवशी जन्मली नव्हती. मुलाला शाळेत घालताना वडील म्हणत, 'असेल पाच-सहा वर्षांचा'. शाळा जूनमध्ये भरत, म्हणून गुरुजी वर्षाचा हिशेब जुळवून रकान्यात १ जून लिहीत. त्या नोंदीवरून शाळा सोडल्याचा दाखला निघे, दाखल्यावरून नोकरी, नोकरीवरून निवृत्ती. आणि त्याच दाखल्यावरून मोटार चालवण्याचा परवाना.

जनगणनेच्या अभ्यासकांना हा प्रकार चांगला परिचित आहे. भारतातील जुन्या जनगणनांचे वयवार तक्ते काढले, तर ३०, ३५, ४०, ४५ अशा शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयांशी माणसांची गर्दी दिसते आणि ३१ किंवा ४३ वर्षांची माणसे जणू गायब असतात. ज्या समाजात वय पावसाळ्यांवरून, दुष्काळांवरून आणि प्लेगच्या साथीवरून मोजले जाई, त्या समाजावर विसाव्या शतकाने वयाच्या नेमक्या आकड्यावर उभा असलेला एक कायदा आणून ठेवला. वयानुसार मोटार अपघाताचा धोका बदलतो, ही आज सिद्ध झालेली गोष्ट आहे. तो कसा बदलतो, कायद्याने रेषा कोठे ओढली आणि या दोहोंत किती अंतर राहिले, हे जालना जिल्ह्याच्या इतिहासातून फार स्पष्ट दिसते.

आरंभ मात्र जालन्यापासून दूर होतो. ब्रिटनच्या १९०३ च्या मोटारकार कायद्याने मोटार चालवण्यासाठी १७ वर्षे आणि मोटारसायकलसाठी १४ वर्षे ही किमान वये ठरवली. परवाना मिळवण्यासाठी कोणतीही परीक्षा नव्हती. शुल्क भरले की परवाना हाती. चालवता येते की नाही, हे पाहण्याची सक्ती तेथे १९३५ मध्ये आली. म्हणजे वयाची अट आधी आणि कौशल्याची परीक्षा बत्तीस वर्षांनी. चौदा वर्षांच्या मुलाला मोटारसायकल देणाऱ्या त्या कायद्यामागे अपघातांचा कोणताही अभ्यास असणे शक्यच नव्हते. रस्त्यावर अपघात मोजण्याइतक्या मोटारीच तेव्हा नव्हत्या.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ चा मोटार वाहन कायदा आला, तेव्हा येथे १८ हा आकडा घेतला गेला. तो ओळखीचा होता. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने करारमदार करण्याचे, मालमत्तेचे व्यवहार करण्याचे वय अठरा ठरवून चाळीस वर्षे होत आली होती. जमीन विकण्याचे शहाणपण ज्या दिवशी येते, त्याच दिवशी वळणावर वेग किती ठेवावा याचेही शहाणपण येते, असा या मांडणीचा अर्थ होतो. मालकावरही जबाबदारी होती : अठराखालील व्यक्तीच्या हाती त्याने गाडी देऊ नये. ही दुसरी तरतूद पुढे शंभर वर्षे जवळजवळ झोपून राहिली.

जालना त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते. ते हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होते आणि तेथे निजामाचा अंमल चाले. (आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ चा, परतूर त्यात परभणीतून आले.) विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-मनमाड रेल्वे जालन्यावरून धावू लागली आणि कापूस व धान्याच्या बाजारपेठेला वेग आला, परंतु स्थानकापासून पुढे, अंबड-भोकरदनकडे, बैलगाडीच होती. यांत्रिक वाहन सामान्य माणसाच्या वाट्याला प्रथम आले ते बसच्या रूपाने. निजामाच्या राज्य रेल्वेने १९३२ मध्ये रस्ता वाहतूक विभाग सुरू केला, तेव्हा त्याच्याकडे २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. सरकारी मालकीच्या प्रवासी बससेवेचा हा भारतातील अगदी आरंभीचा प्रयोग. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर या सेवेचा मराठवाड्यातील भाग वेगळा झाला आणि १९६१ मध्ये तो महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात, म्हणजे आपल्या एसटीत, विलीन झाला.

या तपशिलाला येथे महत्त्व आहे. मोटार युरोपात आणि अमेरिकेत प्रथम श्रीमंताच्या हौसेची आणि मग घरोघरची वस्तू झाली. तेथे 'तरुण चालक' म्हणजे वडिलांची गाडी घेऊन निघालेला मुलगा. मराठवाड्यात कित्येक दशके चालक म्हणजे पगारी माणूस. तो बसवर असे किंवा मालमोटारीवर. आणि मालमोटारीवरचा चालक घडे तो क्लीनरच्या जागेवर. तेरा-चौदाव्या वर्षी पोरगा ट्रकवर चढे, काच पुसे, चाकाखाली दगड लावे, उस्तादाचा चहा आणि शिव्या दोन्ही घेई आणि रात्री रस्ता मोकळा असला की उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग देई. परवान्याचे वय येईपर्यंत त्याच्या हातून काही वर्षांचे अंतर गेलेले असे. कायद्याच्या दृष्टीने ही सारी वर्षे गुन्ह्याची. विद्येच्या दृष्टीने पाहिले, तर गावोगावी उपलब्ध असलेली एकमेव प्रशिक्षणसंस्था हीच. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात अनेक मुले चिरडली गेली आणि त्यांची नोंद 'चालक' म्हणून कधीच झाली नाही.

१९३९ चा कायदा, आणि संस्थान विलीन झाल्यावर काही वर्षांत येथेही लागू झालेली केंद्रीय कायद्यांची चौकट, यांनी अठराची रेषा कायम ठेवली आणि व्यावसायिक वाहनांसाठी अधिक वयाची अट घातली. आजच्या १९८८ च्या कायद्यात ती २० वर्षे आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास इतके मर्यादित केले. कागदावर ही तरतूद वयाच्या अटीपेक्षा कितीतरी अधिक शहाणपणाची होती. ती का, हे पुढे दिसेल.

१९८८ च्या कायद्यात एक छोटे पोटकलम आहे, ज्याची कथा सांगण्यासारखी आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला विनागिअरची दुचाकी चालवता येईल, असे त्यात म्हटले होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते '५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल' असे झाले. ज्या काळात हे लिहिले गेले, त्या काळाचे वाहन डोळ्यांसमोर आणले की अर्थ लागतो : लूना. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणलेली, पायडल मारून सुरू होणारी, चढावर हाशहुश करणारी पन्नास सीसीची गाडी. शिक्षक, दूधवाले, तलाठी आणि त्यांची मुले, साऱ्यांची ती पहिली गाडी. लूनाचा जमाना सरला. पुढे आलेल्या स्कूटर १०० ते १२५ सीसीच्या आणि मोटारसायकली त्याहून बलदंड. पोटकलम मात्र पुस्तकात जागच्या जागी राहिले. आज जालन्यात शिकवणी वर्गाबाहेर उभ्या असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या गाड्यांपैकी त्या तरतुदीत बसणारी गाडी शोधून सापडणे कठीण. कायद्याने सोळाव्या वर्षी उघडलेले दार बाजाराने बंद केले, आणि मुले भिंतीवरून उड्या मारून आत आली.

आता धोका प्रत्यक्ष कसा बदलतो, ते पाहू. अमेरिकेतील आकडेवारी या विषयावर सर्वांत विस्तृत आहे. चालवलेल्या अंतराच्या प्रमाणात मोजले, तर १६ ते १९ वयोगटातील चालकांचा प्राणघातक अपघातातील सहभाग विशी ओलांडलेल्या चालकांच्या जवळपास तिप्पट भरतो. तिशीनंतर तो उतरतो, मध्यमवयात सर्वांत कमी राहतो आणि सत्तरीनंतर पुन्हा वर चढतो. आलेख काढला तर पसरट वाडग्यासारखी आकृती दिसते. डावी कड उंच, मध्ये सपाट तळ, उजवीकडे पुन्हा चढ.

ही आकृती अनेकांना ठाऊक असते, पण तिच्या दोन कडा एकाच कारणाने उंच नाहीत.

डावीकडची कड वय आणि अननुभव या दोहोंची मिळून झाली आहे. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातील नवशिक्या चालकांच्या अभ्यासात असे दिसले, की एकट्याने गाडी चालवू लागल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अपघातांचे प्रमाण झपाट्याने उतरते. सहा महिन्यांत मेंदू प्रौढ होत नाही. रस्ता वाचण्याची सवय मात्र बरीच होते. तरीही वय उरतेच : परिणामांचा अंदाज घेणारा, आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. अमेरिकेतच २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. सोळा-सतरा वर्षांच्या चालकासोबत जितके अधिक प्रवासी, तितका त्याच्या मृत्यूचा धोका अधिक. आई शेजारी बसली असता जो मुलगा नेमका चालवतो, तोच तीन मित्र बसवले की वेगळा होतो. म्हणून न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचा परवाना आणला : आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मर्यादित टप्प्यात रात्री दहानंतर एकट्याने गाडी चालवायची नाही आणि मित्रांना बसवून फिरायचे नाही. ही पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. तिने 'वय किती?' या प्रश्नाला 'केव्हा, कोणासोबत, किती अनुभवाने?' हे प्रश्न जोडले.

उजवीकडच्या कडेबद्दल गैरसमज अधिक. वृद्ध चालक म्हणजे धोकादायक चालक, असे सर्रास मानले जाते. दृष्टी मंदावते, प्रतिसाद लांबतो, चौकात चारही बाजूंचे भान ठेवणे अवघड जाते, हे खरेच. परंतु २००३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी वृद्ध चालकांच्या अंतरागणिक मृत्युदराची फोड केली, तेव्हा त्यातील बराच मोठा वाटा शरीराच्या ठिसूळपणाचा निघाला. ज्या धडकेतून पंचविशीचा तरुण बरगडी मोडून बाहेर येतो, त्याच धडकेत पंच्याहत्तरीचा माणूस दगावतो. तो मृत्यू आलेखात 'वृद्ध चालकाचा धोका' म्हणून चढतो. तरुण चालक मोठ्या प्रमाणावर इतरांनाही मारतो. वृद्ध चालक बहुतांशी स्वतःच मरतो. न्याय करताना हा भेद विसरला, तर आजोबांच्या हातून किल्ली काढून घेण्याची घाई आणि नातवाच्या हाती ती देण्याची घाई एकाच घरात सुखाने नांदते.

भारतीय कायद्याला उजव्या कडेची जाणीव परवान्याच्या मुदतीतून आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीआधी घेतलेला परवाना चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नास या वयात घेतलेला दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्न या वयातला साठीपर्यंत आणि त्यापुढचा दर वेळी पाच वर्षे चालतो. चाळिशीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. म्हणजे उतरत्या वयाची तपासणी टप्प्याटप्प्याने होते. चढत्या वयाला मात्र टप्पाच नाही : अठरावा वाढदिवस झाला, शिकाऊ परवान्याचा काळ संपला, परीक्षा उतरली, की मध्यरात्रीचा महामार्ग आणि गाडीभर मित्र, सगळे एकदम खुले.

देशाची आकडेवारी याला काय जोड देते? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांतील ६६.५ टक्के १८ ते ४५ वयोगटातील होती आणि ४४.५ टक्के दुचाकीवरची. अठरा वर्षांखालील मृत ९,५२८. या आकड्यांवरून 'तरुण सर्वाधिक मरतात' असा मथळा दर वर्षी छापला जातो, आणि तो खोटा नाही. परंतु हे आकडे मृतांच्या वयाचे आहेत. मेलेला माणूस चालक होता, मागे बसलेला होता की रस्त्याच्या कडेने चालला होता, हे या टक्केवारीत मिसळून गेले आहे. शिवाय कोणता वयोगट वर्षाकाठी किती किलोमीटर वाहन चालवतो, हा भाजक भारतीय तक्त्यांत नाही. कामाला जाणारा माणूसच रस्त्यावर अधिक, तर मरणारही तोच अधिक. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही जुनी अडचण आहे : वही ज्याने लिहिली, त्याने स्वतःला हवे तेच मोजले. पोलिसांच्या वहीला मृताची ओळख आणि आरोपी हवा होता. आरोपीचे वय तिने विचारले ते तो अल्पवयीन आहे का, एवढ्यापुरते.

जालन्यातील अलीकडचे मोठे अपघात याच नजरेने पाहावेत. १८ जुलै २०२४ रोजी, आषाढी एकादशीच्या दुसऱ्याच दिवशी, पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची काळी-पिवळी राजूर रस्त्यावर तुपेवाडी शिवारात रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली आणि ७ जण गेले. त्याच वर्षी २० सप्टेंबरला वडीगोद्री-जालना मार्गावर शहापूरजवळ एसटी बस आणि फळांचा ट्रक समोरासमोर धडकून ६ जणांचा बळी गेला. या घटनांत चालकाच्या वयाचा प्रश्न चर्चेत आलाच नाही. चर्चा झाली ती कठडा नसलेल्या विहिरीची आणि वेगाची. खेड्यातील वृद्धाचे रस्त्याशी नाते असे असते. तो क्वचितच चालक असतो. तो काळी-पिवळीत मागे बसलेला, नातवाच्या गाडीवर धोतर सावरत बसलेला, किंवा कडेने चाललेला असतो. पाश्चात्त्य आलेखाची उजवी कड येथे स्टिअरिंगपासून सरकून मागच्या सीटवर जाते.

आणि समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. जालना जिल्ह्यातून तो जालना आणि बदनापूर तालुक्यांमधून जातो. ताशी १२० किलोमीटरची मुभा, सरळ काँक्रीट, ना गाव ना बाजार. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, जालन्याच्या सीमेलगत, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून मेले. टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, यावर वाद झाला. पुढे या मार्गावरील अपघातांच्या संदर्भात 'महामार्ग संमोहन' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला. अशा रस्त्यावर वयाचा धोका घड्याळाच्या धोक्यात मिसळतो. पहाटे दोन ते पाच या वेळेत झोपेचा दाब सर्वच वयांवर असतो. मध्यमवयीन, अनुभवी, म्हणजे आलेखाच्या तळाशी सुरक्षित बसलेला चालकही दहाव्या तासाला सुरक्षित राहत नाही. १९६१ च्या कायद्यातील आठ तासांची ओळ येथे आठवते. अंबड-घनसावंगीच्या ऊसपट्ट्यात हंगामात रात्री दिव्याविना चालणाऱ्या ट्रॉल्या आणि त्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवरची पोरे, यांना ना अठराची ओळ ठाऊक, ना आठाची.

१९१४ पासून झोपलेली मालकाच्या जबाबदारीची तरतूद १ सप्टेंबर २०१९ रोजी खऱ्या अर्थाने उठली. कलम १९९ अ नुसार अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो : ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. महाराष्ट्राला ते कलम पाठ झाले ते १९ मे २०२४ नंतर, पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते मेले तेव्हा. जामिनाची अट म्हणून सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाने देशभर संताप उसळला. त्या संतापात एक बाब दुर्लक्षित राहिली. तोच मुलगा काही महिन्यांनी अठरा पूर्ण करून, परवाना खिशात घालून, त्याच वेळी, तेच मित्र घेऊन, तीच गाडी चालवता, तर निव्वळ वयाच्या मुद्द्यावर कायद्याला त्याच्यावर आक्षेप नसता.

पंचवीस हा आकडा कलमात कसा आला, हे कलम सांगत नाही. पण तो मेंदूच्या परिपक्वतेच्या वयाजवळ येतो. त्याच्याच आसपासचा आणखी एक आकडा महाराष्ट्रात आहे. २०१९ मध्ये जालन्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यांत एसटीची चालक-वाहक भरती निघाली, तेव्हा चालकासाठी किमान वय होते २४. रोज हजारो गाड्या रस्त्यावर उतरवणारी संस्था अठराच्या किंवा विसाच्या रेषेवर थांबली नाही. जालना-अंबड गाडीत बसणारा प्रवासी त्या चार-सहा वर्षांच्या अंतराचा लाभ नकळत घेतो. गाडीच्या काचेपलीकडे दुचाकीवर तिघे बसून चाललेल्यांना तो मिळत नाही.

२०२१ पासून देशभर अपघातांची एकात्मिक संगणकीय नोंद सुरू झाली असून महाराष्ट्र तिच्या पहिल्या सहा राज्यांपैकी एक आहे. घटनास्थळी पोहोचलेला पोलीस आता भ्रमणध्वनीवरच रस्त्याचा प्रकार, वेळ, वाहन आणि चालकाची माहिती भरतो. चालकाचे वय परवान्यावरील जन्मतारखेवरून येते. मराठवाड्यातील जुन्या चालकांच्या बाबतीत ती तारीख बऱ्याचदा १ जूनच असते.